चतकोरातलं चतकोर

‘आमचे सगळे प्रकल्प आता नकाशावर लाइव्ह दिसतात’ असं कोणी म्हणालं, की अनेकांच्या डोळ्यांसमोर वरून टेहळणी करणारा उपग्रह येतो. प्रत्यक्षात कोणीतरी जागेवर उभं राहून फोनमध्ये अक्षांश-रेखांश घेतलेले असतात, आणि नकाशावरचा ठिपका म्हणजे तक्त्यातली एक ओळ असते: नाव, दोन आकडे, खर्च, मुदत, स्थिती. सेंटिनेल-2 उपग्रहांच्या सर्वांत बारीक छायाचित्रातही एक पिक्सेल 10 मीटरचा असतो. त्यात धरण दिसेल, विंधनविहीर नाही. ‘लाइव्ह’ म्हणजे कोणीतरी शेवटची नोंद केली तोवरचं.

खरी करामत वेगळीच आहे. तुम्ही नकाशा बोटाने जरासा सरकवता, तेव्हा संगणकाला प्रश्न पडतो: या नव्या चौकटीत कोणते प्रकल्प येतात? दोनशे असतील तर एकेक तपासून होईल. पण लाखभर असले आणि नकाशा सरकवणारे शेकडो असले, तर? शब्दकोशासारखी क्रमवारी लावावी म्हटलं, तर आकडे दोन. अक्षांशाने लावली की एकाच अक्षांशावरचे, पण पृथ्वीच्या दोन टोकांचे प्रकल्प शेजारी येऊन बसतात.

राफेल फिंकेल आणि जॉन बेंटली या संगणकशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये मांडलेली ‘क्वाडट्री’ ही माहिती रचून ठेवायची पद्धत इथे कामी येते. तिचा आज सर्रास वापरला जाणारा सोपा प्रकार असा: नकाशाचे चार चतकोर करा. ज्यात ठिपक्यांची गर्दी, त्याचे पुन्हा चार. समुद्राचा रिकामा चतकोर तसाच राहू द्या. शोधताना जो चतकोर चौकटीबाहेर, त्यातले सगळे प्रकल्प न बघताच बाद. म्हणजे संगणक भरभर शोधतो असं नाही, तो भरभर वगळतो.

यातला मला सर्वांत आवडणारा भाग जी. एम. मॉर्टन यांच्या 1966 च्या कल्पनेत आहे. चतकोरांना आकडे द्या: वर डावीकडे 0, उजवीकडे 1, खाली डावीकडे 2, उजवीकडे 3. 8×8 च्या जाळीत, वर डावीकडून शून्यापासून मोजत, स्तंभ 5 आणि ओळ 3 यांचा खण घेऊ. फक्त 0 आणि 1 वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत 5 म्हणजे 101 आणि 3 म्हणजे 011. ओळीचा एक अंक, स्तंभाचा एक, अशी वेणी घाला: 01, 10, 11. म्हणजेच 1, 2, 3. या खणाचा पत्ता 123! पहिला अंक मोठा चतकोर सांगतो, पुढचा त्यातला चतकोर. दोन आकड्यांचा एक झाला, आता खुशाल क्रमवारी लावा. जवळचे प्रकल्प बहुधा जवळच येतील.

‘बहुधा’ म्हणायचं कारण, 123 च्या अगदी खालच्या खणाचा पत्ता 301 आहे. मधली रेघ ओलांडली की सख्खा शेजारी परका होतो. म्हणून ‘5 किलोमीटरच्या आतले प्रकल्प’ शोधताना आजूबाजूचे खणही चाचपावे लागतात.

नकाशा लहान केला की ठिपक्यांऐवजी ‘37’ असं वर्तुळ दिसतं. बऱ्याचदा तीही चतकोरातलीच मोजदाद. त्यातले 36 वेळेवर आणि एक रखडलेला असला, तर वर्तुळ हिरवं दाखवायचं का? माझ्या मते तो एक दिसलाच पाहिजे, नाहीतर नकाशा नुसती रांगोळी. हा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो, ‘एआय डॅशबोर्ड’ अशी पाटी लावली तरी.

आणि माहिती भरताना अक्षांश-रेखांशाचे रकाने रिकामे सोडू नका. काही प्रणाली रिकाम्याला शून्य समजतात, आणि 0, 0 हा बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात, भर समुद्रात आहे. नकाशाकारांनी थट्टेने त्याला ‘नल आयलंड’ नाव दिलंय. बेट नाहीच तिथे, पण बेपत्ता प्रकल्प आधी तिथेच शोधावेत.