प्रोसेसरचे अतितापन : घरगुती संगणकातील निदान व दुरुस्ती

संगणकाची आकडेमोड करणाऱ्या प्रोसेसर या चिपचे तापमान उत्पादकाने ठरवून दिलेल्या कमाल मर्यादेला जाऊन भिडणे आणि त्यामुळे त्याचा वेग आपोआप उतरणे किंवा संगणक अचानक बंद पडणे, याला प्रोसेसरचे अतितापन म्हणतात. बोलताना ‘सीपीयू गरम होतो’ असे सर्रास म्हटले जाते. मात्र आपल्याकडे बहुतेक घरांत ‘सीपीयू’ म्हणजे टेबलाखालचा अख्खा डबा, अर्थात कॅबिनेट, असाच अर्थ घेतला जात असल्यामुळे नेमके काय तापते हे आधी विचारून घ्यावे लागते. कॅबिनेटचा पत्रा हाताला कोमट लागणे हा दोष नव्हे. उलट, आतल्या प्रोसेसरचे तापमान शंभर अंशांच्या घरात दिसत असताना त्यावर बसवलेला हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) हाताला जेमतेम कोमट लागत असेल, तर उष्णता प्रोसेसरमधून बाहेरच पडत नाही, असा त्याचा अर्थ होतो आणि दोष कुठे आहे हे तिथेच अर्धेअधिक कळते.

प्रोसेसरला मिळणारी जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते. प्रोसेसरमधील ट्रान्झिस्टरांच्या (सूक्ष्म विद्युत-स्विचांच्या) उघडझापीत खर्च होणारी शक्ती वारंवारतेच्या प्रमाणात वाढते, तर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून व्होल्टेजमधली थोडीशी वाढसुद्धा तापमानावर मोठा परिणाम करते. याखेरीज बंद अवस्थेतील ट्रान्झिस्टरांतूनही थोडा प्रवाह झिरपत असतो आणि तापमान वाढले की ही गळतीही वाढते. थोडक्यात, तापलेला प्रोसेसर तेवढ्याच कामासाठी अधिक वीज घेतो.

हा प्रश्न पहिल्यापासून नव्हता. इंटेलचे ८०३८६ पर्यंतचे प्रोसेसर सहसा उघडेच बसवले जात. ८०४८६ च्या वेगवान आवृत्त्यांना हीटसिंक लागू लागला आणि १९९३ साली पेंटियम आल्यानंतर प्रोसेसरवरचा पंखा घरोघरी दिसू लागला. रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या आयबीएममधील सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये असे दाखवून दिले होते की, ट्रान्झिस्टर जसजसा लहान करत जावे तसतसे त्याचे व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवता येते, त्यामुळे तेवढ्याच क्षेत्रफळात अधिक ट्रान्झिस्टर बसवूनही उष्णता वाढत नाही. २००५ च्या सुमारास हे गणित चालेनासे झाले. पेंटियम ४ चा वारसदार म्हणून आखलेला, ‘तेजस’ हे आपल्या ओळखीचे नाव दिलेला प्रकल्प इंटेलने २००४ मध्ये सोडून दिला आणि एकाच गाभ्याचा (कोअर, म्हणजे प्रोसेसरमधला आकडेमोड करणारा भाग) वेग वाढवत नेण्याऐवजी अनेक गाभ्यांचा मार्ग धरला. तरीही उष्णतेचा प्रश्न मिटला नाही. कोअर आय९-१४९००के या घरगुती प्रोसेसरची मूळ शक्तिमर्यादा १२५ वॅट असून कमाल वेगाच्या वेळची मर्यादा २५३ वॅट आहे. ही सगळी उष्णता रुपयाच्या नाण्याहूनही लहान असलेल्या सिलिकॉनच्या तुकड्यातून बाहेर काढायची असते.

किती तापमान म्हणजे ‘जास्त’, याचे एकच उत्तर नाही. इंटेलच्या अलीकडच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. एएमडी या दुसऱ्या उत्पादकाच्या रायझन ७००० मालिकेतील बहुतेकांची ९५ अंश, तर त्याच मालिकेतील रायझन ७ ७८००एक्स३डी याची ८९ अंश आहे. रायझन ७००० मालिकेतील जास्त शक्तीचे प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथेच स्थिरावतील अशीच त्यांची रचना आहे. त्यामुळे अशा प्रोसेसरवर व्हिडिओचे रूपांतर चालू असताना ९५ हा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही. तोच आकडा नुसती ब्राउझरची खिडकी उघडी असताना दिसला, तर मात्र दोष नक्की आहे. आजचे प्रोसेसर स्वतःचे रक्षण स्वतःच करतात. मर्यादा गाठली की ते वेग व व्होल्टेज उतरवतात आणि तेवढ्याने न भागल्यास यंत्र बंद करतात. २००० सालच्या सुमारास परिस्थिती वेगळी होती : पेंटियम ४ मध्ये अशी व्यवस्था होती, पण एएमडीच्या तेव्हाच्या अॅथलॉनवरचा हीटसिंक चालू स्थितीत निघाल्यास तो काही क्षणांत जळून जाई. तापलेला प्रोसेसर हमखास जळतो ही समजूत त्या काळची आहे आणि ती आजही अनेकांना नवा प्रोसेसर विकत घ्यायला लावते, हे खेदाचे आहे.

लक्षणांपैकी सर्वांत फसवे लक्षण म्हणजे अचानक बंद पडणे. अतितापनामुळे संगणक बंद पडतो तेव्हा निळा पडदा किंवा कोणताही संदेश सहसा दिसत नाही. विंडोजच्या नोंदींमध्ये कर्नेल-पॉवर ४१ अशी नोंद तेवढी सापडते. पण तिचा अर्थ ‘संगणक रीतसर बंद न होता थांबला’ इतकाच असतो. एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) कमकुवत झाला असेल किंवा घरातला विजेचा दाब अचानक पडला असेल, तरीही हीच नोंद होते. म्हणून बंद पडण्याआधीच्या काही मिनिटांतले तापमान पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. वेग उतरणे हे त्या मानाने विश्वासार्ह लक्षण आहे : खेळ पहिली काही मिनिटे सुरळीत चालतो, मग अडखळू लागतो, पंखा घोंगावत राहतो आणि थोडी विश्रांती दिली की सगळे पुन्हा पूर्ववत होते.

मोजमापासाठी विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प यांसारखी मोफत साधने वापरली जातात. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स हे साधन बसवून टर्मिनलमध्ये वाचन मिळते. बायोसच्या (संगणक सुरू होतानाच्या मूळ मांडणीच्या) पडद्यावर दिसणारे तापमान विंडोजमधील निवांत स्थितीपेक्षा बहुधा काही अंशांनी जास्त असते, कारण त्या वेळी प्रोसेसर वीज वाचवणाऱ्या अवस्थांमध्ये गेलेला नसतो. वाचनालाही अपवाद असतात. २०१७ मधील रायझन ७ १७००एक्स आणि १८००एक्स हे पंख्याच्या नियंत्रणासाठी प्रत्यक्षापेक्षा २० अंश अधिक तापमान कळवत असत आणि ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे तेव्हा अनेकांचा गोंधळ उडाला. प्रत्येक वाचनाच्या शेजारी खोलीचे तापमान लिहून ठेवणे अत्यावश्यक आहे. नाहीतर मे महिन्यातल्या आकड्याची तुलना जानेवारीतल्या आकड्याशी करता येत नाही.

निदानाचा खरा आधार मात्र तापमानाचा कमाल आकडा नसून ते कसे चढते हा आहे. प्रोसेसरवर पूर्ण भार टाकून घड्याळाकडे पाहावे. भार पडताच दोन-चार सेकंदांत तापमान उसळून मर्यादेला टेकले आणि भार काढताच तितक्याच झटक्याने खाली आले, तर प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यातला संपर्क बिघडलेला असतो. धातूचा एवढा मोठा ठोकळा खरोखर तापत असता, तर त्याला तापायला आणि निवायला वेळ लागला असता. (अगदी वरच्या श्रेणीचे, मोठ्या शक्तीचे प्रोसेसर चांगल्या कूलरखालीही, म्हणजे हीटसिंक-पंख्याच्या संचाखालीही, झटकन चढतात, तेव्हा त्यांच्या बाबतीत हीटसिंकचा स्पर्शही ताडून पाहावा.) तापमान दहा-वीस मिनिटे सावकाश चढत गेले, हीटसिंकही चांगलाच तापला, तर संपर्क ठीक असून गरम हवेला वाट मिळत नाही असे समजावे. संगणक निवांत असतानाच तापमान चढलेले असेल, तर पंखा किंवा (द्रवशीतलन असल्यास) पंप बंद असणे, नाहीतर पार्श्वभूमीवर काहीतरी गुपचूप चालू असणे, या दोन शक्यता आधी तपासाव्यात. एवढे पाहिल्याशिवाय थेट प्रोसेसर व हीटसिंक यांच्यामधली उष्णतावाहक पेस्ट बदलायला घेणे ही दुरुस्तीतली सर्वांत प्रचलित चूक आहे.

संपर्कातील बिघाडांत पेस्ट सुकण्याइतकाच, किंबहुना त्याहूनही वारंवार आढळणारा दोष म्हणजे कूलर नीट न बसणे. इंटेलच्या प्रोसेसरसोबत खोक्यात येणारा कूलर २००४ च्या एलजीए ७७५ सॉकेटपासून (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) पुढे बरीच वर्षे प्लॅस्टिकच्या चार खिळ्यांवर बसवला जात आला आहे. मदरबोर्डच्या छिद्रांत हे खिळे दाबून बसवायचे असतात आणि चारांपैकी एखादा अर्धवट राहिला, तर वरून काहीही न दिसता कूलर एका बाजूने किंचित उचललेला राहतो. संगणक एका घरातून दुसऱ्या घरी हलवल्यावर, किंवा घाईने साफसफाई केल्यावर तापू लागला, तर आधी हे खिळे पाहावेत. बसवताना समोरासमोरच्या कोपऱ्यांतील खिळे जोडीने दाबावेत, प्रत्येक वेळी ‘टक्’ असा आवाज यावा आणि शक्य असल्यास मदरबोर्डच्या मागच्या बाजूने चारही टोके पूर्ण बाहेर आली आहेत ना, हे टॉर्चच्या उजेडात पाहावे. नव्या कूलरच्या तळावरची संरक्षक प्लॅस्टिकची पातळ पट्टी तशीच राहून जाणे, हेही दिसते त्यापेक्षा जास्त वेळा घडते. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये प्रोसेसर दोन्ही कडांच्या मध्यावर दाबला जात असल्यामुळे त्याचा माथा किंचित वाकतो आणि संपर्क काही अंशी कमी होतो. त्यासाठी वेगळी चौकट मिळते, पण सामान्य वापरात तिची निकड भासत नाही.

पेस्टचे काम समजून घेतले, तर ती किती लावावी हा वाद उरत नाही. दोन धातूंचे पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले, तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि त्यांत हवा असते. पेस्ट हवेपेक्षा शंभराहून अधिक पटींनी उष्णता वाहते, पण तांब्याच्या मानाने ती कित्येक पटींनी कमी पडते. म्हणून तिने पोकळ्या भरून काढाव्यात, थर बनू नये. मध्यम आकाराच्या प्रोसेसरला वाटाण्याएवढा ठिपका मधोमध ठेवून कूलर दाबणे पुरेसे असते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल व स्वच्छ कापडाने पूर्ण पुसून घ्यावी. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये सुकलेल्या पेस्टमुळे कूलरबरोबर प्रोसेसरही उपटून येण्याचा आणि त्याच्या पिना वाकण्याचा मोठा धोका असतो. तो टाळण्यासाठी काढण्यापूर्वी संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ करावी, वीज बंद करावी आणि कूलर सरळ वर न ओढता आधी हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवावा. गॅलियमयुक्त द्रवधातू पेस्टपेक्षा खूप सरस वाहक आहे, परंतु तो विजेचाही वाहक आहे आणि अॅल्युमिनियमला पोखरतो. घरच्या दुरुस्तीत त्याची गरज नाही.

हवेचा मार्ग अडण्याचे पहिले कारण धूळ. हीटसिंकच्या पात्यांवर, पंख्याच्या अगदी खाली, धुळीचा नमद्यासारखा थर बसतो. पंखा न काढता तो दिसतही नाही. ब्लोअरने साफ करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, कारण वाऱ्याने ती वाजवीपेक्षा वेगाने फिरली की बेअरिंग खराब होऊ शकते. दुसरे कारण आपल्या घरांतले फर्निचर. कॅबिनेट ठेवण्यासाठी मागून बंद, पुढे दार असलेला कप्पा असणारी संगणकाची टेबले अनेक घरांत आहेत. त्यात मागून बाहेर पडलेली गरम हवा फिरून पुन्हा आत ओढली जाते. याची परीक्षा सोपी आहे : कॅबिनेट बाहेर काढून, एका बाजूचा पत्रा उघडून तीच चाचणी पुन्हा करावी. तापमान आठ-दहा अंशांनी उतरले, तर दोष हवेच्या वाटेत आहे. पत्रा कायमचा उघडा ठेवणे हा मात्र उपाय नव्हे. त्याने धूळ वाढते आणि ग्राफिक्स कार्ड व मदरबोर्डवरील भागांवरून वाहणारी हवा विस्कळीत होते.

द्रवशीतलनाच्या, म्हणजे पंपाने द्रव फिरवून उष्णता बाहेर नेणाऱ्या, तयार संचात पंप बंद पडला, तर पंखे जोरात फिरत असूनही तापमान काही मिनिटांत मर्यादेला जाते. एक नळी गरम आणि दुसरी गार लागणे ही त्याची खूण आहे. पंप हा रेडिएटरच्या (द्रव गार करणाऱ्या जाळीच्या) वरच्या टोकापेक्षा खाली असावा, म्हणजे आतली हवा पंपात अडकत नाही.

कूलर, पेस्ट, हवा हे सगळे ठीक असताना तापमान जास्त राहिले, तर उष्णता निर्माण होण्याची बाजू पाहावी. टास्क मॅनेजरमध्ये निवांत स्थितीतही भार दिसत असल्यास छुपे कूटचलन-खनन करणारे सॉफ्टवेअर संगणकात शिरलेले असू शकते. अनेक मदरबोर्ड बायोसच्या मूळ मांडणीतच इंटेलच्या शक्तिमर्यादा शिथिल ठेवत आले आहेत. तेथे इंटेलच्या शिफारशीची मांडणी निवडावी. तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही इंटेल प्रोसेसरांतील अस्थिरतेचे मूळ मात्र वाजवीपेक्षा अधिक व्होल्टेजमध्ये असल्याचे २०२४ मध्ये इंटेलने सांगितले व त्यासाठी सुधारित मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतली मूळ आज्ञावली) दिला. असा संगणक वारंवार कोसळत असेल, तर कूलर बदलण्यापूर्वी बायोस अद्ययावत करावे.

कोणताही हवेचा वा पाण्याचा कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. समजा, एखादा कूलर दर वॅटमागे खोलीच्या तापमानावर ०.३ अंशांची भर घालतो, तर १०० वॅटच्या भाराला ही भर ३० अंश होते; खोली २५ अंशांवर असताना कूलरचा तळ ५५ वर राहतो, तर ४३ अंशांवर असताना ७३ वर, आणि प्रोसेसरच्या आतले तापमान त्याहूनही बरेच वर असते. नागपूर, अकोला, चंद्रपूर येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा हिवाळ्यात उत्तम चाललेला संगणक काहीही न बिघडता तापू लागतो. अशा वेळी नवा कूलर घेण्याआधी बायोसमध्ये शक्तिमर्यादा उतरवावी, रायझनवर इको मोड (कमी विजेवर चालण्याची मांडणी) निवडावा किंवा विंडोजच्या वीजमांडणीत प्रोसेसरची कमाल अवस्था ९९ टक्के करावी, ज्यामुळे टर्बो, म्हणजे मूळ वेगापेक्षा वरचा, वेग बंद होतो. वेगाच्या शेवटच्या थोड्या टक्क्यांसाठी प्रोसेसर सर्वाधिक व्होल्टेज मागत असल्यामुळे या उपायांनी उष्णता जेवढी घटते, त्या मानाने कामाचा वेग फारच थोडा कमी होतो, आणि पावसाळा सुरू झाला की मांडणी पुन्हा पूर्ववत करता येते.