प्राथमिक शाळेचा व्यापक आणि सर्वसमावेशक अभ्यासक्रम

प्राथमिक शाळेतल्या मुलांनी काय शिकायचं, कुठल्या क्रमाने शिकायचं आणि वर्गातलं एकही मूल त्यातून बाहेर राहू नये म्हणून आधीपासून काय सोय करायची, याचा शाळेने केलेला एकूण आराखडा म्हणजे हा अभ्यासक्रम. सिलॅबस वेगळा, त्यात नुसती धड्यांची यादी असते. अभ्यासक्रमात खेळाचा तास, प्रयोग, चित्रकला, वाचनालय, मूल्यमापन सगळंच येतं. सरकार किंवा बोर्ड वरून चौकट देतं हे खरं, पण आठवड्याचे तास कसे वाटायचे, कुठला घटक कशाला जोडायचा, उदाहरणं कुणाच्या आयुष्यातली घ्यायची हे ठरवायला बऱ्याच ठिकाणी शाळेला चांगलीच मोकळीक असते.

व्यापक म्हणजे भाषा आणि गणिताच्या जोडीला विज्ञान, इतिहास, भूगोल, कला, संगीत, खेळ यांना टाइमटेबलमध्ये खराखुरा वेळ. इंग्लंडमध्ये तर अभ्यासक्रम संतुलित आणि व्यापक असलाच पाहिजे असं १९८८ पासून कायद्यातच आहे आणि संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं कलम २९ पण हेच म्हणतं, की शिक्षणाने मुलाचं व्यक्तिमत्त्व, त्याच्यातले गुण, त्याच्या शारीरिक मानसिक क्षमता पूर्ण फुलवायला हव्यात. तरी परीक्षा जवळ आली की पहिली कात्री चित्रकलेच्या नाहीतर विज्ञानाच्या तासाला लागते, कारण काय तर वाचन कच्चं आहे. पण विषयाची माहितीच नसेल तर वाचलेलं कळणार कसं? १९८८ मध्ये अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी थोड्या मोठ्या, सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा वाचायला दिला, तेव्हा वाचनात कच्ची पण बेसबॉल माहीत असलेली मुलं ही वाचनात हुशार पण खेळ माहीत नसलेल्या मुलांपेक्षा जास्त समजून गेली. म्हणजे भूगोल-विज्ञानाचे तास कापून वाचन सुधारायला जाणं हे वाचनाच्याच मुळावर येतं.

आखणी कुठून सुरू करायची याला अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये मांडलेले चार प्रश्न अजूनही उपयोगी पडतात: काय साधायचंय, त्यासाठी मुलांना कुठले अनुभव द्यायचे, ते कसे लावायचे, आणि साधलं की नाही हे कळणार कसं. क्रमाबद्दल मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांची १९६० ची सर्पिल अभ्यासक्रमाची कल्पना आहे, म्हणजे तीच मूळ कल्पना दरवर्षी परत भेटते पण एक पायरी वर. अपूर्णांक घ्या, लहान वर्गात कागद दुमडून अर्धा आणि पाव, मग तेच संख्यारेषेवर, मग सममूल्य अपूर्णांक, मग बेरीज-वजाबाकी. हे जमायला सगळ्या इयत्तांच्या शिक्षकांनी एकत्र बसावं लागतं, नाहीतर दुसरीत काय झालं हे चौथीच्या बाईंना ठाऊकच नसतं आणि अर्धं वर्ष उजळणीत जातं.

सर्वसमावेशक या भागाची मोठी खूण म्हणजे १९९४ चं सलामांका निवेदन. स्पेनमधल्या सलामांका शहरात शिक्षणावर झालेल्या परिषदेत ते मंजूर झालं, तिथे ९२ देशांची सरकारं होती आणि शाळांनी सगळ्या मुलांना, त्यांची शारीरिक, बौद्धिक, सामाजिक, भाषिक स्थिती काहीही असो, सामावून घ्यावं असं तिथे ठरलं. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात कलम २४ ने सर्वसमावेशक शिक्षण हा हक्कच मानला. प्रत्यक्ष वर्गात मात्र याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच काढला जातो की काही मुलांना वेगळी, सोपी वर्कशीट द्यायची. माझ्या मते घोळ इथेच होतो, कारण ध्येयच खाली आणलं की ते मूल वर्गात बसूनही वर्गाबाहेरच राहतं. अमेरिकेतल्या कास्ट या संस्थेने मांडलेली शिकण्याची सार्वत्रिक रचना वेगळं सांगते. रॅम्प जसा इमारतीच्या नकाशातच काढायचा तशी सोय धड्याच्या आखणीतच हवी: गोडी लागायचे, माहिती पोचायचे आणि शिकलेलं दाखवायचे, तिन्ही ठिकाणी एकाहून जास्त रस्ते. समजा बाष्पीभवन शिकवायचंय. कमी दिसणाऱ्या मुलीला ओल्या आणि सुक्या फडक्याला हात लावून फरक कळतो, शाळेची भाषा नवीन असलेल्या मुलाला चित्रासोबतचे पाच-सहा शब्द आधीच मिळतात, लिहायला अडणारा तोंडी सांगतो, ज्याला हे आधीच येतं तो वारा आणि ऊन यातलं कशाने लवकर वाळतं हे तपासतो. पाणी कुठे गेलं हे मात्र सगळ्यांनीच समजावून सांगायचं असतं.

यात एक गोष्ट हमखास सुटते ती म्हणजे जादा मदतीचा तास. कच्च्या मुलांना बाहेर घेऊन शिकवायचं तर ते बहुतेक वेळा संगीत, खेळ नाहीतर कलेच्या तासालाच होतं, आणि मग कागदावर सगळ्यांसाठी व्यापक असलेला अभ्यासक्रम ज्यांना सगळ्यात जास्त गरज त्याच मुलांसाठी अरुंद होऊन बसतो, शिवाय ज्या तासाला त्यांना आपण काहीतरी छान करतो असं वाटायचं तोच हातातून जातो. म्हणून मदत शक्यतो वर्गातच, त्याच धड्यावर, आणि बाहेर न्यावंच लागलं तर तास फिरते ठेवायचे, म्हणजे दर वेळी एकाच विषयाचा तास बुडायला नको. वर्षअखेरीच्या आढाव्यातही वर्गाची सरासरी पाहून भागत नाही, सगळ्यात जास्त मदत लागलेल्या चार-पाच मुलांचं टाइमटेबल वेगळं काढून त्यांना वर्षभरात कुठले विषय किती तास प्रत्यक्ष मिळाले ते मोजावं लागतं आणि पुढच्या वर्षीचं टाइमटेबल त्या आकड्यांवरून बदलावं लागतं.