व्हीसीडी ते यूट्यूब : एक्स्पोर्ट सेटिंगची पार्श्वभूमी

लग्नाची जुनी कॅसेट डीव्हीडीवर हवी, पेनड्राइव्हवरही हवी आणि नातेवाइकांसाठी यूट्यूबची लिंकही हवी, अशी मागणी नाशिकच्या स्टुडिओंना नवी नाही. मग एकदाच एक्स्पोर्ट केलेली (म्हणजे एडिटिंगनंतर सॉफ्टवेअरमधून बाहेर काढलेली) एकच फाइल तिन्हीकडे चालवली जाते आणि चित्र बिघडतं. डिस्क आणि इंटरनेट यांचे नियम वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या अडचणींतून तयार झालेत.

आपली वीज ५० हर्ट्झची. पाल या आपल्याकडच्या टीव्ही-पद्धतीचं गणितही त्याच आकड्यावर बसवलेलं : सेकंदाला २५ फ्रेम, प्रत्येक फ्रेम दोन फील्डांत (एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत) विभागलेली. काही सॉफ्टवेअर मात्र उघडताच अमेरिकेचे २९.९७ दाखवतात. २५ च्या शूटिंगवर तो आकडा राहिला, तर वरातीत नाचणारे ठरावीक अंतराने अडखळल्यासारखे दिसतात.

१९९३ मध्ये व्हीसीडीचं (व्हिडिओ सीडीचं) मानक ठरलं तेव्हा निवडायला फारसं काही नव्हतंच. ३५२ बाय २८८ पिक्सेलचं चित्र, ते दाबायला (कॉम्प्रेस करायला) एमपेग-१ ही पद्धत, चित्राला ११५० आणि आवाजाला २२४ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट). ७४ मिनिटांच्या सीडीत ७४ मिनिटं मावायची, त्यामुळे एका लग्नाच्या दोन-तीन सीड्या व्हायच्या.

खरा प्रश्न डीव्हीडीने उभा केला. ७२० बाय ५७६, एमपेग-२ आणि चित्राला ९.८ एमबीपीएसपर्यंत (सेकंदाला मेगाबिट) मोकळीक. म्हणजे बिटरेट, सेकंदाला किती बिट खर्चायचे तो आकडा, आता आपण ठरवायचा. हिशेब भागाकाराचा आहे. डिस्कची जागा ४.७ जीबी, म्हणजे सुमारे ३७,६०० मेगाबिट (कंप्युटर तीच डिस्क ४.३७ जीबी दाखवतो). दोन तासांचे ७,२०० सेकंद, म्हणजे सेकंदाला ५.२ मेगाबिट. आवाज आणि मेनू वजा करून चित्राला सरासरी ४.८ धरा. आवाज पीसीएममध्ये (न दाबता) ठेवला तर तो एकटाच दीड एमबीपीएस खातो, म्हणून एसी-३ हा दाबलेला प्रकार घ्यावा. कार्यक्रम तासाभराचाच असला तरी ८ च्या वर जाऊ नये; घरी राइट केलेली डिस्क जुन्या प्लेअरवर तिथेच अडकू लागते.

टू-पास व्हीबीआरची (दोन फेऱ्यांत ठरणाऱ्या बदलत्या बिटरेटची) किंमत कळते ती रंगपंचमीच्या शूटिंगमध्ये. रहाडीत (रंगीत पाण्याच्या हौदात) कुणी उडी मारली की रंगीत पाण्याचा प्रत्येक थेंब फ्रेमागणिक जागा बदलतो, आणि सीबीआरवर (कायम एकाच बिटरेटवर) सगळं चित्र चौकोनी ठोकळ्यांचं होतं. टू-पासमध्ये पहिली फेरी अशा जागा हेरते आणि काठावर शांत उभ्या असलेल्या लोकांच्या दृश्यातले वाचलेले बिट त्या उडीला देते.

फील्ड ऑर्डर, म्हणजे कोणतं फील्ड आधी दाखवायचं तो क्रम, हा त्याच काळाचा वारसा. पाल मिनी-डीव्ही टेपमध्ये खालचं फील्ड आधी, एचडीव्ही या एचडी टेपमध्ये वरचं. उलटसुलट झालं तर स्थिर चित्र ठीक दिसतं, पण हलणारी प्रत्येक गोष्ट थरथरते. कंप्युटरवर हा दोष अनेकदा लपतो, म्हणून डिस्क देण्याआधी टीव्हीवर लावून पाहावीच.

२००३ मध्ये एच.२६४ ही चित्र दाबण्याची नवी पद्धत आली, २००५ मध्ये यूट्यूब. इथे प्लेअरची मर्यादा राहिली नाही, पण साइट आपली फाइल पुन्हा कॉम्प्रेस करते. म्हणून डिस्कसारखी काटकसर इथे अंगाशी येते. १०८०पी, २५ फ्रेमसाठी यूट्यूब ८ एमबीपीएस सुचवतं. त्याहून जास्त दिलं तरी बिघडत नाही. डीव्हीडीवरची तयार व्हिडिओ फाइल (व्हीओबी) उचलून चढवणं सगळ्यात वाईट, कारण आधीच दाबलेलं चित्र आणखी दाबलं जातं. मूळ टेपवरून कंप्युटरवर घेतलेली कॅप्चर फाइल घ्या, डीइंटरलेस करा (दोन फील्ड जोडून एकसंध फ्रेम करा), नाहीतर हलत्या कडांना कंगव्याचे दाते दिसतात. पिक्सेलही चौरस करा : ४:३ असेल तर ७६८ बाय ५७६, १६:९ असेल तर १०२४ बाय ५७६. हे विसरलं की नवरा-नवरी ४:३ मध्ये थोडे आणि १६:९ मध्ये फारच बारीक दिसतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर क्लिप डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवली की ती पुन्हा दाबली जाते.

पेनड्राइव्हला एमपी४, एच.२६४ पुरेसं, त्यानंतरचं, २०१३ चं एचईव्हीसी (एच.२६५) बऱ्याच जुन्या टीव्हींना वाचता येत नाही. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यात ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही आणि एक्सफॅट हा दुसरा फॉरमॅट प्रत्येक टीव्ही ओळखेलच असं नाही. दोन तासांचं शूटिंग त्यात कोंबण्यापेक्षा तासातासाचे दोन भाग करावेत : ८ एमबीपीएसने एक भाग ३.६ जीबीच्या आसपास होतो, आवाजासह चारच्या आत.