हीटिंग ऑइलचा हिवाळ्यातील वापर : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

मॅसॅच्युसेट्समध्ये तेलावर चालणारे बॉयलर किंवा फर्नेस असलेले घर नव्याने घेतलेल्या मराठी कुटुंबांना, महाराष्ट्रात घर तापवण्याची वेळच आलेली नसल्यामुळे, थंडीत तेल किती लागणे योग्य हे ठरवता येत नाही. शेजाऱ्यांच्या बिलावरून ते कळत नाही. आपल्याच घराच्या नोंदींवरून मात्र नेमके कळते.

बाहेरचे दिवसाचे सरासरी तापमान ६५ अंश फॅरनहाइटच्या जितके खाली, तितके त्या दिवसाचे ‘डिग्री डे’ मानतात. वुस्टर परिसरात जानेवारीत २५ अंश सरासरीचा दिवस नेहमीचा असतो, म्हणजे ४० डिग्री डे. टाकी दोनदा पूर्ण भरून घ्यावी, मधल्या काळातील डिग्री डेंची बेरीज करावी आणि दुसऱ्या वेळी जितके गॅलन बसले त्याने तिला भागावे. उत्तर ५ आले, तर ४० डिग्री डेच्या दिवशी आपले घर ८ गॅलन तेल जाळते. भागाकाराचा हा आकडा (इथे ५) वाढत गेला तर बचत होत आहे. हिवाळ्यातच तो एकाएकी घसरला तर बर्नर, टाकीची गळती आणि घरात शिरणारा वारा तपासावा लागेल. या नोंदींची वही प्रत्येक ग्राहकाने ठेवावी, असा आमचा आग्रह आहे.

रात्री किंवा घरी कोणी नसताना आठ तास थर्मोस्टॅट ७ ते १० अंशांनी खाली ठेवल्यास तापवण्याच्या वार्षिक खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते, असे अमेरिकेचे ऊर्जा खाते सांगते. घर पुन्हा तापवण्यात ती बचत जाते, हा समज चुकीचा आहे, कारण घर जितके थंड तितकी त्यातून बाहेर जाणारी उष्णता कमी. मात्र गावाला जातानाही ५५ अंशांच्या खाली जाऊ नये. पाण्याचे पाइप गोठून फुटतात. पोटमाळ्यातील फटी आधी बुजवाव्यात आणि इन्सुलेशन त्यानंतर वाढवावे. आपली वीज कंपनी ‘मास सेव्ह’ या मॅसॅच्युसेट्सच्या ऊर्जाबचत योजनेत सहभागी असल्यास घराची ऊर्जातपासणी विनामूल्य होते, आणि ती तेलावरच्या घरांनाही मिळते.

बर्नरची वार्षिक सर्व्हिसिंग थंडीपूर्वी करून घ्यावी. तीत नोझल व फिल्टर बदलतात, काजळी काढतात आणि ज्वलनाची कार्यक्षमता मोजतात. त्या मोजणीचा कागद मागून घ्यावा.

२७५ गॅलनची टाकी पावावर आली की तेल मागवावे. उरलेले तेल कडाक्याच्या थंडीत जेमतेम आठवडाभर पुरते, आणि हिमवादळानंतर ट्रकला उशीर होतो. टाकी कोरडी पडल्यास तळाचा गाळ फिल्टरमध्ये ओढला जातो, नळीत हवा शिरते आणि नुसते तेल भरून बर्नर सुरू होत नाही. बर्नर बंद पडल्यास लाल रीसेट बटण एकदाच दाबावे. वारंवार दाबल्याने न जळलेले तेल आत साचते, आणि हे धोक्याचे आहे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू असल्याची खात्री करावी, तसेच टाकी भरण्याचा व हवेचा पाइप आणि तिथवरची वाट डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी बर्फापासून मोकळी ठेवावी.