खडू, कॅम आणि मागे सरकणारी गाडी

साताऱ्याबाहेरच्या एका बंद पडलेल्या दगडखाणीत आम्ही तीन-चार जण रविवारी सकाळी ट्रायल्सचा सराव करतो. (कासला का जात नाही, असं विचारणारे भेटतात. ते पठार २०१२पासून जागतिक वारसा आहे, टायर फिरवायची जागा नव्हे.) ट्रायल्स म्हणजे शर्यत नाही. दगडधोंड्यांतून, ओढ्यातून गाडी माणसाच्या चालीने काढायची. पाय एकदा टेकला की एक गुण दंड, ज्याचे गुण कमी तो जिंकला.

माझी गाडी जुनी, शंभर सीसीची टू-स्ट्रोक, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक. (ड्रम म्हणजे चाकासोबत फिरणारा पोकळ डबा. त्याला आतून घासतात ते दोन अर्धगोल शू, एका स्थिर प्लेटवर बसवलेले. शूवरचा घासणारा थर म्हणजे लायनर.) मागच्या महिन्यात काळ्या पाषाणाची एक पायरी चढताना ती मध्येच अडली. मी पुढचा ब्रेक आवळला, मागचाही दाबला. गाडी निवांतपणे मागे आली, मलाही घेऊन.

सगळ्यांचा सल्ला एकच : मोठा ब्रेक बसव. पण हिशोब करून बघा. मी आणि गाडी मिळून १८० किलो धरा. यवतेश्वरच्या घाटात ताशी ५० किमी वेगाने येताना थांबायचं, तर ब्रेकला सुमारे १७,४०० ज्यूल ऊर्जा उष्णतेत जिरवावी लागते. खाणीत ताशी ८ किमीला हीच ऊर्जा ४५० ज्यूलही भरत नाही. जवळपास चाळीसपट फरक. म्हणजे घाटात ब्रेक तापण्याची भीती, तर इथे तो कायम गारच. तापल्यावर चांगलं पकडणारं लायनर इथे काही कामाचं नाही. इथे हवी ती थंड पकड, आणि तीही एका बोटाच्या दाबाने, कारण उरलेली बोटं हँडल सोडू शकत नाहीत.

मिस्त्रींनी चाक खोललं आणि शाळेतला खडू मागितला. ड्रमच्या आतून तो गोल फिरवला, प्लेट परत बसवली, ब्रेक जरासा दाबून चाक हाताने एक फेरा फिरवलं. पुन्हा उघडलं तर लायनरच्या मधोमध दोन बोटं रुंदीचा पांढरा पट्टा. दोन्ही टोकं कोरी. वर्षानुवर्षं झिजून ड्रम मोठा झालेला, शू मात्र मूळ मापाचा, म्हणून तो फक्त पोटाशी टेकत होता.

घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, हे शाळेत घोकलेलं मी लगेच मिस्त्रींना ऐकवलं. ते हसले. नियम बरोबर आहे, पण बोटाचा जोर आधी तो शू वाकवण्यातच खर्च होतो, म्हणून लिव्हर मऊ लागतो. शिवाय तेवढाच पट्टा घासून काचेसारखा गुळगुळीत होतो. त्यांनी शूला जाड लायनर चिकटवून घेतलं आणि लेथवर ड्रमच्या मापाला उतरवलं. (जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती हवा मारून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.)

मग कॅमचा दांडा. कॅम म्हणजे शूंना ड्रमवर रेटणारा फिरता तुकडा, आणि ब्रेकची केबल ओढते तो त्याचा दांडा. केबल ओढल्यावर तिचा दांड्याशी काटकोन झाला, तर सगळा जोर कॅमला मिळतो. १२० अंशांना ८७ टक्के, १३५ अंशांना ७१. माझा दांडा बराच कलला होता. मिस्त्रींनी तो काढून कॅमवरच्या खाचांत एक दाता मागे बसवला. खर्च शून्य, आणि फरक बोटाला लगेच कळला.

मित्राचा आग्रह होता, दोन्ही शू ‘लीडिंग’ असलेली प्लेट टाक. दाराखाली पाचर सरकवली की दार ढकलावं तसतशी ती घट्ट रुतते. लीडिंग शूचं तसंच : फिरता ड्रम त्याला आणखी स्वतःवर दाबून घेतो, कमी दाबात जास्त पकड मिळते. रस्त्यावर उत्तमच. पण दार उलट्या बाजूला ओढलं तर पाचर सुटते. मिस्त्री म्हणाले, “अहो, गाडी मागं आली की मग?” चाक उलटं फिरू लागलं की दोन्ही लीडिंग शू एकदम ‘ट्रेलिंग’ होतात, म्हणजे ड्रम त्यांना उलट दूर ढकलतो, आणि पकड निम्म्याहून कमी उरू शकते. माझ्या साध्या प्लेटमध्ये एक लीडिंग, एक ट्रेलिंग. चाक उलटं फिरलं की दोघं भूमिका बदलतात, ब्रेक तसाच राहतो. खाणीत गाडी जितकी पुढे जाते तितकीच मागे येते, म्हणून जुनी प्लेटच ठेवली.

ओढ्यातून निघाल्यावर ड्रममध्ये पाणी राहतं, तेव्हा ब्रेक किंचित दाबून दहा-वीस पावलं चालवायची, एवढं केलं तरी पुरतं.

पुढच्या रविवारी तीच पायरी, गाडी तिथेच अडली. एक बोट दाबलं, मागचा ब्रेकही. दोन्ही चाकं जागच्या जागी थांबली, आणि तरी गाडी वीतभर खाली घसरली, थांबलेल्या चाकांसकट. दगडावर शेवाळ होतं. मिस्त्रींनी टायर अंगठ्याने दाबून बघितला, मग मीटर लावला. मागच्या चाकात २८ पाउंड, पेट्रोल पंपावर भरली तशीच. ट्रायल्सच्या टायरात मागे चार-पाच पाउंडच ठेवतात, म्हणजे तो दगडावर पसरून धरतो.