अंक तेच, अक्षरं नवी: मंगोल भाषेत मोजायला आणि वाचायला शिकण्याची पार्श्वभूमी

१ जानेवारी २०२५ पासून मंगोलियात सरकारी कागदपत्रं दोन लिप्यांत काढणं कायद्याने लागू झालं. एक सिरिलिक, म्हणजे रशियन अक्षरांची लिपी, जी मंगोलियातल्या बहुतेक माणसांची रोजची आहे. दुसरी वरून खाली उतरणारी जुनी मंगोल लिपी. कायदा २०१५ चा. तयारीसाठी मधली दहा वर्षं दिली होती. बाहेरच्या जगाला ही अस्मितेची बातमी वाटली, आणि ती काही अंशी तशी आहेही. पण मंगोल मूल कोणत्या अक्षरांत वाचायला शिकणार, हे दरबारात किंवा मंत्रिमंडळात ठरण्याची ही पहिली वेळ नाही. तिथे ते आठशे वर्षं असंच ठरत आलंय, आणि ठरलेलं मोडतही आलंय. मोजण्याच्या वाटेला मात्र सहसा कोणी गेलं नाही.

आधी मोजणं पाहू. आजचं मंगोल मूल नेग, खोयर, गुरव, दोरोव, ताव, जुर्गा, दोलो, नाइम, येस, अरव असं एक ते दहा म्हणतं. ('जुर्गा'तला ज 'जुना'तला, 'जीव'मधला नव्हे, मराठी माणसाला हा उच्चार शिकवावा लागत नाही.) जुन्या लिखाणात हेच शब्द साधारण निगेन, खोयर, गुरबान, दोर्बेन, ताबुन, जिर्गुगान, दोलुगान, नायमान, यिसुन, आर्बान असे सापडतात. शेवटचा न गळला, मधला ब मऊ होऊन व झाला, 'गु-गा'सारखी अक्षरं एकात एक मिसळून गेली. बाकी सगळं जागच्या जागी. गळलेला नसुद्धा पुरता गेलेला नाही: पुढे दुसरा अंक आला की तो परत येतो. अकरा म्हणजे अरवन नेग, एकवीस म्हणजे खोरिन नेग.

म्हणजे थेट 'वीस एक'. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जागी 'वीस एक' आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता. विषय विधिमंडळापर्यंत गेला. मंगोल भाषेत तो वाद उभाच राहू शकत नाही. तिथे जोडसंख्या नेहमी मोठ्या अंकाकडून छोट्याकडे जाते, एकोणतीस-एकोणचाळीस असली उलटी चाल नाही. मुलाने दहापर्यंतचे अंक आणि दशकांची नावं पाठ केली (खोर, गुच, दोच, तावि, जर, दल, नया, येर) की शंभरापर्यंतचं काम झालं. आपल्याकडे शंभर नावं जवळजवळ सुटी सुटी पाठ करावी लागतात. त्या मानाने मंगोल मूल पहिल्या वर्षी सुखात असतं.

पुढच्या पायऱ्यांवर इतिहास दिसू लागतो. शंभर म्हणजे जू, हजार म्हणजे म्यंग, आणि दहा हजाराला स्वतंत्र नाव आहे: तुम. चंगीझ खानाचं सैन्य याच पायऱ्यांनी बांधलेलं होतं. दहाची तुकडी, शंभराची, हजाराची, आणि सगळ्यांत मोठी दहा हजारांची. १२०६ च्या महासभेनंतर ९५ हजारी सरदार नेमले गेले, असं 'मंगोलांचा गुप्त इतिहास' या तेराव्या शतकातल्या ग्रंथात नोंदलंय. कोणतं कुटुंब कोणत्या हजारात, हे ठरवणं हीच राज्याची पहिली मोठी बेरीज होती. या वाटपाची आणि निवाड्यांची नोंद निळ्या वहीत ठेवण्याचं काम खानाने शिगी खुतुखू याला दिलं. त्या वहीचं नाव 'खोख देवतेर'. मंगोल मूल आजही वहीला देवतेर म्हणतं, आणि आपलं दप्तर त्याच मुळातून फारसीमार्गे आलेलं आहे.

दहा हजाराच्या वरची नावं मात्र तिबेटहून आली. लाखाला बुम, दहा लाखाला साया, अब्जाला तेरबुम. ही मोजणी बौद्ध ग्रंथांबरोबर उत्तरेला गेली आणि तिचा सांगाडा भारतीय आहे. लाखाला एकच सुटं नाव असणं ही आपल्याच मोजणीची खूण. आजचे मंगोल लोक लाखाला बहुतेक वेळा 'शंभर हजार' म्हणतात, पण साया आणि तेरबुम अर्थसंकल्पाच्या बातम्यांत रोज असतात.

एवढ्या मोठ्या संख्या शाळेत लागतात. घरी मूल मोजायला शिकतं ते जनावरांवर. घोडा, उंट, गाय-याक, मेंढी आणि शेळी, या पाच प्रकारच्या पशुधनाला तिथे 'ताव खोशू माल' म्हणजे पाच मुस्कटांचं धन म्हणतात. दर वर्षी डिसेंबरात देशभर जनावरांची गणती होते. २०१९ च्या अखेरीस ती ७ कोटींच्या वर भरली होती, आणि माणसं सुमारे ३३ लाख. अशा देशात मोजता न येणारा मेंढपाळ फार दिवस मेंढपाळ राहू शकत नाही. घोड्याचं वय दातांवरून ठरतं आणि प्रत्येक वयाला वेगळं नाव आहे. नादाम या उन्हाळी उत्सवातल्या शर्यतींत घोड्यांचे गट याच नावांनी पडतात. मुलांच्या हातात खेळायला असतात ती मेंढीच्या घोट्याची हाडं, शगाइ. हाड टाकलं की चारांपैकी एक बाजू वर येते: घोडा, उंट, मेंढी किंवा शेळी. कुणाला काय पडलं याचा हिशेब ठेवता ठेवता अंक पक्के होतात.

मला या सगळ्यांत जास्त आवडते ती हिवाळ्याची मोजणी. २२ डिसेंबरच्या आसपास सूर्य सर्वांत खाली गेला की नऊ दिवसांचा एक असे नऊ 'नवके' मोजायचे, एकूण ८१ दिवस. प्रत्येक नवक्याला एक खूण. पहिल्यात दुधाची दारू गोठते. दुसऱ्यात तीच पुन्हा ऊर्ध्वपातन करून काढलेली कडक दारूही गोठते. तिसऱ्यात तीन वर्षांच्या बैलाची शिंगं गोठतात, चौथ्यात चार वर्षांच्या. पाचव्यात शिजलेला भात उघड्यावर ठेवला तरी गोठत नाही. सहाव्यात बर्फातून रस्ता काळा दिसू लागतो, सातव्यात टेकड्यांचे माथे. आठव्यात जमीन ओलावते आणि नवव्यात ऊब स्थिरावते. नऊचा पाढा, पंचांग आणि हवामानाचा अंदाज, सगळं एका पाठांतरात. आणि यासाठी अक्षर ओळखावं लागत नाही.

तोंडी परंपरेत 'जगातले तीन' नावाचा एक प्रकारही आहे. जगातलं पांढरं तीन प्रकारचं: वाढताना दात, म्हातारपणी केस, मेल्यावर हाडं. अशी तिगडी मुलांना पाठ असतात. संख्या आणि भाषा एकाच वेळी जिभेवर बसते.

वाचण्याची गोष्ट अगदी दुसऱ्या टोकाकडून सुरू होते. १२०४ मध्ये चंगीझने नायमान टोळीचा पराभव केला. नायमान राजाचा मुद्रा सांभाळणारा उइगुर कारभारी ताता-तुंगा राजमुद्रेसकट पकडला गेला. मुद्रेचा उपयोग काय, असं खानाने त्याला विचारलं. उत्तर पटलं, आणि राजपुत्रांना उइगुर लिपी शिकवण्याचं काम त्याच्यावर आलं, असं चिनी दरबारी इतिहास सांगतो. लिपी म्हणजे एका परीने लढाईतली लूट. ती मध्य आशियातल्या सोग्दी व्यापाऱ्यांकडून उइगुर या तुर्की लोकांकडे आली होती आणि तिचं मूळ पश्चिम आशियातल्या अरामी लिपीत आहे. या लिपीतला सर्वांत जुना मंगोल मजकूर १२२५ च्या सुमाराच्या एका शिळेवर आहे, जी आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. मजकूर काय? चंगीझचा पुतण्या यिसुंगे याने ३३५ वाव लांब बाण मारला. सर्वांत जुन्या लेखात एक मोजमापच असावं, हे मंगोलांना शोभतं.

ही लिपी कशी शिकतात ते जरा तपशिलात पाहण्यासारखं आहे. ओळी वरून खाली, आणि ओळींचा क्रम डावीकडून उजवीकडे. प्रत्येक शब्दाला मधून एक उभी रेघ, तिचं नाव नुरू, पाठीचा कणा. त्या कण्याला बाकीचे अवयव जोडायचे: वर तितेम म्हणजे मुकुट, बाजूला श्युद म्हणजे दात, शिल्बे म्हणजे नडगी, गेदेस म्हणजे पोट, नुम म्हणजे धनुष्य, शेवटी स्यूल म्हणजे शेपूट. शब्दाच्या सुरुवातीचा 'अ' म्हणजे मुकुट आणि एक दात. नुसता मुकुट म्हणजे 'ए'. मुकुट आणि पोट म्हणजे 'ओ' किंवा 'उ'. मास्तर अक्षर सांगत नाहीत, जनावर जुळवल्यासारखे अवयव सांगतात. जुनी पद्धत आपल्या बाराखडीच्या जवळची होती, फक्त स्वर सात असल्याने प्रत्येक व्यंजनाची सात रूपं घोकायची. पाटी म्हणजे तूप-चरबीचा हात फिरवून वर राख भुरभुरलेली लाकडी फळी, समबार. काडीने लिहायचं, पुसायचं, पुन्हा राख. धुळाक्षरं गिरवणं आपल्यालाही नवं नाही.

अडचण पुढे येते. 'ओ' आणि 'उ' एकसारखे, 'त' आणि 'द' बऱ्याच ठिकाणी एकसारखे, एकटा दात कधी 'अ' तर कधी 'न'. अनोळखी शब्द नुसता जुळवून वाचता येत नाही. शब्द आधी माहीत असावा लागतो. इथे भाषेचा एक नियम मदतीला येतो. मंगोलमध्ये स्वर पुरुष आणि स्त्री अशा दोन गटांत विभागले आहेत, आणि एका शब्दात सहसा एकाच गटाचे स्वर येतात. 'इ' तटस्थ. दोन्ही गटांत क-ग सारख्या व्यंजनांचे आकार वेगळे, त्यामुळे एका व्यंजनावरून आख्ख्या शब्दाचे स्वर उलगडतात. सरावलेला वाचक हे नकळत करतो. नवशिक्याला घाम फुटतो. शिवाय स्पेलिंग मध्ययुगातलं. बोलताना 'खान', लिहिताना 'खागान'. बोलताना 'उलानबातर', लिहिताना 'उलागान बागातुर'.

ही गैरसोय दूर करण्याचे प्रयत्न लवकर सुरू झाले. कुबलाई खानाच्या हुकमावरून तिबेटी लामा फाग्सपा याने १२६९ मध्ये तिबेटी अक्षरांवरून चौकोनी लिपी रचली. वंशावळ पाहिली तर ती ब्राह्मीच्या घराण्यातली, म्हणजे देवनागरीची लांबची चुलत बहीण. उच्चार नेमके पकडणारी, पण दरबाराबाहेर फारशी रुजली नाही आणि चीनवर राज्य करणाऱ्या मंगोलांच्या युआन घराण्याबरोबर मागे पडली. १६४८ मध्ये झाया पंडित या लामाने ओइराद, म्हणजे पश्चिमेकडच्या, मंगोलांसाठी जुन्याच लिपीत खुणा वाढवून 'तोद' म्हणजे स्पष्ट लिपी केली. १६८६ मध्ये झानाबाझार या बौद्ध धर्मगुरूने सोयोंबो लिपी रचली. नाव संस्कृत 'स्वयंभू'वरून. लिपी पोथ्यांपुरती राहिली, तिचं चिन्ह मात्र मंगोलियाच्या राष्ट्रध्वजावर जाऊन बसलं.

सामान्य मंगोल माणूस मात्र या सगळ्या काळात वाचत असेल तर जुनीच लिपी वाचत होता, आणि तीही घरी, तंबूत शिकलेली. मठांत शिक्षण होतं, पण ते तिबेटीत. कित्येक लामा न समजणाऱ्या भाषेतल्या पोथ्या अस्खलित वाचत. मंगोलमध्ये हस्तलिखितांतून फिरत त्या गोष्टी. त्यांत आपली वेताळपंचविशी 'शिद्दित खुर' या नावाने होती आणि सिंहासन बत्तीशीतला राजा भोज 'आर्जी बोर्जी खान' होऊन आला होता.

पहिली लौकिक सरकारी शाळा १९१२ ची, बोग्द खान या धर्मगुरू-राजाच्या राजवटीत. तिच्यामागे बुर्यात, म्हणजे रशियातल्या मंगोल समाजातले, विद्वान झाम्सारानो होते. १९२१ च्या क्रांतीनंतर शाळा वाढू लागल्या, पण १९३० च्या दशकाने बरंच हिरावून नेलं. मठ मोडले, लामा आणि शिकलेली माणसं मारली गेली. झाम्सारानो १९३७ मध्ये लेनिनग्राडमध्ये पकडले गेले आणि कैदेतच वारले. लिपीचे निर्णय त्या काळात मॉस्कोच्या वाऱ्यावर होते. फेब्रुवारी १९४१ मध्ये लॅटिन लिपी मंजूर झाली आणि मार्चमध्ये ती बाजूला सारून सिरिलिक आली. शेजारच्या बुर्यात आणि काल्मिक लोकांनी तर वीस वर्षांच्या आत हे दोन्ही फेरे भोगले होते.

सिरिलिकची मंगोल लेखनपद्धती विद्वान दामदिनस्युरेन यांनी बसवली. १ जानेवारी १९४६ पासून ती अधिकृत झाली. रशियन ३३ अक्षरांत मंगोलच्या दोन खास स्वरांची भर, एकूण ३५. बोलतात तसं लिहायचं, दीर्घ स्वर दोनदा लिहायचा. मूल काही महिन्यांत वाचू लागतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण साक्षरतेचं सगळं श्रेय लिपीला देण्याची सोव्हिएत पद्धतही खरी नाही. सोमच्या, म्हणजे तालुक्यासारख्या गावच्या, शाळा आणि मेंढपाळांच्या मुलांसाठीची वसतिगृहं नसती तर ३५ अक्षरांनी एकट्याने काही केलं नसतं. जुन्या लिपीची बाजू लेखक-विद्वान ब्याम्बिन रिंचेन यांनी शेवटपर्यंत लावून धरली. आठशे वर्षांचं लिखाण नातवंडांना बंद होईल, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता.

१९९० च्या लोकशाही बदलानंतर पेंडुलम उलटा फिरला. १९९४ पासून सरकारी व्यवहार जुन्या लिपीत न्यायचा असं संसदेने ठरवलं, लहान वर्गांत तीच लिपी आधी शिकवायला सुरुवातही झाली. पुस्तकं नव्हती, शिक्षक कमी, पगारांची मारामार. निर्णय मागे घेतला गेला आणि ज्या मुलांवर प्रयोग झाला त्यांना मध्येच सिरिलिककडे वळावं लागलं. पुढे जुनी लिपी वरच्या वर्गांतला विषय म्हणून उरली. २०१५ चा कायदा म्हणूनच 'दोन्ही' म्हणतो. संगणकाचं दुखणं वेगळंच. १९९९ मध्ये ही लिपी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक संकेतांकांत, आली, पण संकेतांक आकाराला नव्हे, आवाजाला दिले गेले. दिसायला तंतोतंत सारखा शब्द आत वेगवेगळा टंकलेला असू शकतो, मग शोधला तर सापडत नाही. त्यात उभ्या ओळी आजही कित्येक फोनवर आडव्या पडतात.

गंमत अशी की सिरिलिक न स्वीकारलेला मंगोल प्रदेश चीनमध्ये आहे. आतल्या मंगोलियात नामफलकांपासून पाठ्यपुस्तकांपर्यंत उभी लिपी सलग चालत राहिली. १ सप्टेंबर २०२० ला शाळा उघडताना तिथल्या मंगोल माध्यमात तीन विषय चिनी भाषेत नेण्याचा आदेश आला आणि पालकांनी मुलांना घरी ठेवून विरोध केला. ते विषय होते भाषा-साहित्य, राज्यशास्त्र आणि इतिहास. गणित त्या वर्षीच्या यादीत नव्हतं.