पार्श्वभूमी : 1946 च्या यादीत नसलेले रॉय फ्रान्सिस

वेल्समधील ब्रिनमॉर या गावी ऑक्टोबर 2023 मध्ये रॉय फ्रान्सिस यांचा पुतळा उभारण्यात आला. त्यांच्याविषयी लिहिताना ‘ब्रिटनच्या व्यावसायिक खेळातले पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक’ हे बिरुद बहुधा पहिल्याच ओळीत येते. बिरुद योग्यच आहे. मात्र त्याच्या आड 1946 सालचा एक निर्णय, म्हणजे ऑस्ट्रेलियाला निघालेल्या ब्रिटनच्या रग्बी लीग संघाच्या यादीतून त्यांना वगळण्याचा निर्णय, झाकला जातो आणि त्या निर्णयाशिवाय त्यांच्या पुढच्या वाटचालीचे मोल कळत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

फ्रान्सिस यांचा जन्म 1919 चा. सतराव्या वर्षी, 1936 च्या नोव्हेंबरात, त्यांनी विगनच्या रग्बी लीग क्लबशी खेळाडू म्हणून करार केला. पैसे घेऊन उत्तर इंग्लंडला गेलेल्या इतर वेल्श मुलांप्रमाणेच रग्बी युनियनचे, म्हणजे रग्बीच्या तेव्हाच्या बिनपैशाच्या हौशी शाखेचे, दार त्यांच्यासाठी बंद झाले. पुढे विगनला आलेल्या ऑस्ट्रेलियन व्यवस्थापकाने जानेवारी 1939 मध्ये त्यांना बॅरो या क्लबला विकून टाकले. त्यामागे त्यांचा वर्ण होता, असे नंतरच्या अनेक लेखकांनी म्हटले आहे. युद्धाच्या काळात ते सैन्यात शारीरिक प्रशिक्षण देणारे सार्जंट होते आणि तिथे हाती आलेली विद्या पुढे त्यांच्या फार उपयोगी पडली.

युद्ध संपताच ब्रिटिश संघाने लगोलग दौऱ्यावर यावे, असा आग्रह ऑस्ट्रेलियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी धरला. प्रवासी जहाजांत जागा मिळण्याची सोय नव्हती, म्हणून एप्रिल 1946 मध्ये संघ ‘इंडॉमिटेबल’ या विमानवाहू युद्धनौकेवरून निघाला, ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रीमँटलला उतरला आणि तिथून आगगाडीने अख्खे वाळवंट ओलांडून पूर्व किनाऱ्याला पोहोचला. या संघात बॅरोचे खेळाडू होते, पण बॅरोचेच फ्रान्सिस नव्हते. ते तेव्हा 27 वर्षांचे, म्हणजे विंगरच्या (मैदानाच्या कडेने वेगाने धावणाऱ्या खेळाडूच्या) ऐन उमेदीच्या वयाचे होते. संघाचा कर्णधार कार्डिफच्या गोदीवस्तीत, लॅटव्हियाहून आलेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेला होता. परक्या देशातून आलेल्या कुटुंबातला असणे त्याच्या आड आले नाही, याची नोंद इथे मुद्दाम केली पाहिजे.

फ्रान्सिस यांना का वगळले, याचे रूढ उत्तर ‘श्वेत ऑस्ट्रेलिया’ धोरण, म्हणजे गोरेतरांना देशात वसू न देण्याचे धोरण, असे दिले जाते. कृष्णवर्णीय खेळाडू नेला तर यजमान देश अडचणीत येईल, या विचाराने निवडकर्त्यांनी त्यांचे नाव घेतले नाही, असा त्याचा आशय आहे. ऐकायला हे स्पष्टीकरण सरळ वाटते. पण त्यात दोष सात समुद्रांपलीकडच्या कायद्यावर जातो आणि यादी लिहिणारे हात नामानिराळे राहतात. या धोरणामागचा 1901 चा कायदा देशात कायम वस्तीला येणाऱ्यांना रोखण्यासाठी होता. वेस्ट इंडीजचा क्रिकेट संघ 1930-31 मध्ये ऑस्ट्रेलियात खेळून गेला होता. फ्रान्सिस यांना वगळल्यानंतर दीडच वर्षाने भारतीय क्रिकेट संघ तिथे गेला आणि सांगलीच्या आपल्या फलंदाजाने अ‍ॅडलेडच्या कसोटीत दोन्ही डावांत शतके ठोकली, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. इतकेच काय, 1954 मध्ये ब्रिटनच्या रग्बी लीग संघातूनच कार्डिफचा एक कृष्णवर्णीय विंगर ऑस्ट्रेलियाला गेला, आणि ते धोरण तेव्हाही पूर्ण अमलात होते.

‘वर्णबंदी’ हा शब्द या संदर्भात सरसकट वापरला जातो आणि घोटाळा तिथेच होतो. ब्रिटिश मुष्टियुद्धात खरोखरच लेखी बंदी होती: आईबाप दोघेही गोरे असल्याशिवाय राष्ट्रीय विजेतेपदासाठी लढता येत नसे आणि हा नियम दुसऱ्या महायुद्धानंतरपर्यंत टिकला. रग्बी लीगमध्ये असा नियम नव्हता. इथली बंदी कागदावर नव्हती. निवडीच्या बैठकीत बसलेल्या माणसांनी दुसऱ्याला काय वाटेल याचा अंदाज बांधून ती स्वतःच लादून घेतली होती. नियम असता तर तो रद्द करा म्हणून मागणी करता आली असती. नुसत्या यादीतून नाव गळाल्यावर दाद कुणाकडे मागायची? दौऱ्यावर गेलेला संघ ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या तीन कसोटींपैकी दोन जिंकून आणि एक बरोबरीत सोडवून त्या मालिकेत अजिंक्य राहिला, त्यामुळे ‘त्यांना न्यायला हवे होते’ असे म्हणण्याची क्रीडाविषयक गरजही कुणाला उरली नाही. पुढच्याच वर्षी, 1947 मध्ये, न्यूझीलंडविरुद्ध त्यांना ब्रिटनकडून एकच कसोटी मिळाली. त्यात त्यांनी दोन ट्राय केले (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवून गुण मिळवणे म्हणजे ट्राय).

वॉरिंग्टन क्लबमार्गे 1949 मध्ये ते हल क्लबात आले आणि खेळता खेळताच प्रशिक्षक झाले. पन्नाशीच्या दशकातला प्रशिक्षक बहुधा मैदानाला फेऱ्या मारायला लावणारा आणि खांदे चोळून देणारा माणूस असे. संघ निवडायचे काम समितीचे. फ्रान्सिस यांनी सामन्यांचे चित्रीकरण करून ते खेळाडूंना दाखवले, पुढच्या फळीतल्या धिप्पाड फॉरवर्डना विंगरसारखे धावायला शिकवले आणि दूरच्या सामन्यांना खेळाडूंच्या बायकामुलांचीही प्रवासाची व्यवस्था केली, कारण घरचे माणूस रुसलेले असेल तर गड्याचे लक्ष मैदानात लागत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. हल 1956 आणि 1958 मध्ये लीगचा विजेता ठरला. त्यातला 1956 चा अंतिम सामना त्यांनी 10-9 असा जेमतेम एका गुणाने जिंकला. लंडनच्या वेम्ब्ली मैदानावरच्या चषकाच्या अंतिम सामन्यांत मात्र 1959 आणि 1960 अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांना मोठ्या फरकाने हार पत्करावी लागली. 1961 मध्ये त्यांच्या कारकिर्दीत हलकडून नाव न सांगता चाचणीचा सामना खेळलेल्या, कार्डिफच्याच एका सैनिकाने तीन ट्राय केले आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्याशी करार झाला. तोच 1972 मध्ये ब्रिटनचा कर्णधार म्हणून विश्वचषक घेऊन आला.

लीड्सकडे ते 1963 मध्ये गेले. 1968 चा चषक त्यांच्या संघाने वेम्ब्लीच्या पाण्याने डबडबलेल्या मैदानावर 11-10 असा जिंकला. शेवटच्या क्षणी वेकफील्डच्या खेळाडूची खांबांसमोरची सोपी किक हुकली, तो प्रसंग आजही दाखवला जातो.

त्यानंतर, 1969 मध्ये, ते सिडनीच्या एका क्लबचे प्रशिक्षक म्हणून ऑस्ट्रेलियात पोहोचले. 1946 च्या यादीनंतर 23 वर्षांनी, खेळण्याचे वय उलटून गेल्यावर. तिथे दोनच हंगाम त्यांनी काढले आणि वर्णावरून होणारी हेटाळणी त्यांच्या वाट्याला आली. जी वागणूक मिळेल म्हणून 1946 मध्ये त्यांना घरी ठेवले असे सांगतात ती अखेर मिळालीच, हे खरे. पण ती सोसायची की नाही हे या वेळी त्यांनी स्वतः ठरवले होते. परत आल्यावर त्यांनी पुन्हा हल सांभाळले, 1975 मध्ये लीड्सला प्रीमियरशिप ही स्पर्धा जिंकून दिली आणि ब्रॅडफर्डलाही काम केले. 1989 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर 34 वर्षांनी ब्रिनमॉरला पुतळा उभा राहिला.